वरातीमागून परवानगी

सुरतेहून भडोचकडे निघालेली गाडी तापी ओलांडते, उत्राण मागे टाकते आणि कोसाडच्या लहानशा स्थानकापाशी येते. आमच्या बहुतेक वाचकांना हे नाव अपरिचित असेल. सुरत म्हटले की मराठी माणसाला १६६४ सालची शिवछत्रपतींची स्वारी आठवते. परंतु आज त्या शहरात यंत्रमागावर आणि कापडाच्या कारखान्यांत राबणारी खानदेशी कुटुंबे किती आहेत, याची आठवण फारशी कोणी ठेवत नाही. कोसाड हे एके काळचे गाव २००६ साली सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आले. पुढे जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण योजनेखाली तेथे गरिबांसाठी एकाच साच्यातून काढल्यासारख्या इमारतींची मोठी वसाहत उभी राहिली. तापीच्या काठावरून आणि शहरातल्या खाड्यांच्या कडेच्या झोपड्यांतून उठविलेल्या कुटुंबांना तेथे आणून वसविण्यात आले.

विकास प्रकल्पांचे पर्यावरणावर होणारे परिणाम कसे जोखावेत, या विषयी सरकारने घालून दिलेल्या नियमांची चर्चा दिल्लीच्या सभागृहांत आणि न्यायालयांत गेली काही वर्षे सतत चालू आहे. ती चर्चा या वसाहतीपासून सुरू करण्याचे कारण असे की, २००६ हे वर्ष कोसाडच्या दृष्टीने जसे महत्त्वाचे तसेच या नियमांच्या दृष्टीनेही. त्या वर्षीच्या ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा फार मोठा भाग बुडाला. धरणातले पाणी आधीच टप्प्याटप्प्याने का सोडले नाही, असा आरोप तेव्हा झाला. नदीच्या पात्राला चिकटून शहर इतके वाढूच का दिले, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला गेला. या महापुरानंतर सुमारे पाच आठवड्यांनी, १४ सप्टेंबर २००६ रोजी, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची नवी अधिसूचना काढली. आजही कोणताही मोठा प्रकल्प याच अधिसूचनेच्या, आणि तिच्यात पुढे झालेल्या असंख्य दुरुस्त्यांच्या, चाळणीतून जातो.

या अधिसूचनेत 'पूर्व' हा शब्द आहे. प्रकल्पाची पहिली कुदळ पडण्यापूर्वी, जमीन सपाट करण्यापूर्वी पर्यावरणीय मंजुरी घेतली पाहिजे, असे ती सांगते. सगळ्या व्यवस्थेचा जीव या एका शब्दात आहे. परिणाम जोखायचे ते कशासाठी? जागा चुकीची असेल तर दुसरी शोधता यावी, आकार मोठा असेल तर कमी करता यावा आणि प्रकल्पच अनर्थकारक असेल तर नको म्हणता यावे, यासाठी. हे तिन्ही पर्याय प्रकल्प उभा राहिला की संपतात. मग मूल्यांकन उरते ते केवळ पंचनाम्यापुरते.

कोसाडसारख्या वसाहतींना ही अधिसूचना काय देते ते पाहण्यासारखे आहे. वीस हजार चौरस मीटरपेक्षा अधिक बांधकामाला पर्यावरणीय मंजुरी लागते. दीड लाख चौरस मीटरच्या वर, किंवा पन्नास हेक्टरांच्या वर क्षेत्र असेल, तर तो प्रकल्प नगरवसाहत म्हणून अधिक कडक तपासणीत येतो. पण इमारती, क्षेत्रविकास आणि नगरवसाहती यांच्या संपूर्ण वर्गाला जनसुनावणीतून सूट दिलेली आहे. बिल्डरच्या आलिशान संकुलाला ही सूट मिळते तशीच झोपडीवासीयांच्या पुनर्वसनालाही मिळते. संकुलातले घर घेणारा निदान जागा पाहून, भाव करून, पसंत नसेल तर दुसरीकडे जाऊ शकतो. नदीकाठावरून उठविलेल्या कुटुंबाला ती सोय नसते. त्यामुळे ज्याच्या आयुष्याचा सगळा परिसर एका रात्रीत बदलतो, त्याला त्या परिसराविषयी दोन शब्द बोलण्याचा कायदेशीर प्रसंगच येत नाही. कामाची जागा आता किती लांब, बस किती वाजता, मुलींची शाळा कोठे, पावसाचे पाणी कोणत्या बाजूने येते आणि साठते, धुणीभांडी करणाऱ्या बाईने सकाळी सहाला शहरात कसे पोचायचे, हे प्रश्न पर्यावरणाचे नव्हेत असे ज्याला वाटते त्याने पर्यावरण म्हणजे केवळ वाघ आणि कांदळवने अशी समजूत करून घेतलेली आहे.

उलट बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. पुराच्या तोंडी झोपडीत राहण्यापेक्षा पक्के घर, नळ आणि शौचकूप ही मोठी गोष्ट आहे. ती देणाऱ्या योजनेला आम्ही नावे ठेवणार नाही. सुनावण्या, अहवाल, हरकती यांत वर्षे निघून जातात आणि तोवर गरीब माणूस चिखलातच राहतो, हा महापालिकेच्या अधिकाऱ्यांचा युक्तिवादही खोटा नाही. आमचे म्हणणे इतकेच की, घाईचे कारण खरे असेल तर सुनावणीची मुदत कमी करावी, सुनावणीच काढून टाकू नये.

आता मुख्य यंत्रणेकडे वळू. ही कल्पना मूळची अमेरिकेची. तेथे १९७० च्या प्रारंभी अमलात आलेल्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याने ती रूढ केली. आपल्याकडे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात नदीखोऱ्यांतील प्रकल्पांपासून अशा तपासणीची सुरुवात झाली. उकाईचे धरण तत्पूर्वीच, १९७२ साली पुरे झाले होते. नवापूरकडच्या आदिवासींच्या जमिनीपर्यंत ज्याचे पाणी चढले, त्या धरणाचा हिशेब मांडताना असा प्रश्न विचारण्याची पद्धतच नव्हती. भोपाळच्या विषारी वायूने १९८४ च्या डिसेंबरात हजारोंचे बळी घेतल्यावर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, त्याखाली २७ जानेवारी १९९४ ची पहिली अधिसूचना निघाली, आणि १९९७ साली जनसुनावणी बंधनकारक झाली. म्हणजे आपल्या देशात नागरिकाला प्रकल्पाविषयी विचारण्याचा कायदेशीर हक्क मिळून अद्याप तीस वर्षेही धड झालेली नाहीत. स्वराज्यात लोकांना विचारून कारभार करावयाचा असतो, हे आम्ही ज्या पिढीकडून शिकलो तिला एवढा उशीर विचित्रच वाटला असता.

या नियमांचा कागदावरचा आराखडा वाईट नाही. प्रकल्प कोणत्या वर्गात बसतो याची छाननी, अभ्यासात कोणते मुद्दे घ्यावेत याची निश्चिती, जनसुनावणी आणि तज्ज्ञ समितीचे परीक्षण, अशा चार पायऱ्या आहेत. मोठे प्रकल्प दिल्लीकडे, लहान प्रकल्प राज्याच्या प्राधिकरणाकडे. जनसुनावणीची तीस दिवस आधी सूचना, एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात जाहिरात, जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचे अध्यक्षस्थान, सगळ्या कामकाजाचे चित्रीकरण, एवढी काळजी घेतलेली आहे. मात्र त्याच नियमांत असेही म्हटले आहे की सुनावणी सुरू करण्यास गणसंख्येची आवश्यकता नाही. ग्रामपंचायतीच्या सभेलाही गणसंख्या लागते. हजारो एकरांचे भवितव्य ठरविणाऱ्या सभेला लागत नाही! मांडव, खुर्च्या, ध्वनिक्षेपक आणि चित्रीकरण करणारा एक माणूस एवढ्यावरही कायद्याची पूर्तता होऊ शकते.

परंतु खरी मेख अहवालात आहे. परिणामांचा अहवाल तयार करणारी सल्लागार संस्था प्रकल्पाचा मालकच नेमतो आणि तिचे पैसेही तोच देतो. विद्यार्थ्याने आपला परीक्षक आपणच निवडावा आणि त्याचा मेहनतानाही आपणच द्यावा, असा हा प्रकार आहे. या संस्थांना भारतीय गुणवत्ता परिषदेच्या मान्यतेची अट नंतर घालण्यात आली. तिने कागदाची सुबकता वाढली असेल, पण पैसे कोठून येतात हा प्रश्न होता तेथेच राहिला. दुसरी गोष्ट कोकण-गोव्याच्या वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. बहुतेक प्रकल्पांसाठी हवा, पाणी, जीवसृष्टी यांची मूळ माहिती एकाच हंगामाची मागितली जाते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून असावा अशी अपेक्षा असते. धुराच्या मोजमापाला कोरडे दिवस सोयीचे, हे शास्त्रीय कारण आम्हाला समजते. पण ज्या किनाऱ्यावर चार महिने आभाळ फाटते, जेथे ओढे, खाजण, शेत आणि खाडी यांचा सगळा व्यवहार पावसावर ठरतो, तेथील निसर्गाचे वर्णन पावसाळा वगळून करणे म्हणजे नाकाशिवाय चेहऱ्याचे चित्र काढण्यासारखे आहे. सुरत बुडाली ती ऑगस्टात, मे महिन्यात नव्हे.

मोपा विमानतळाचे प्रकरण आपल्या अंगणातले. पेडण्याच्या पठारावरील या विमानतळाला ऑक्टोबर २०१५ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. सभोवतालच्या पंधरा किलोमीटरच्या टापूतील वने व संवेदनशील क्षेत्रे यांची माहिती अर्जात सरळपणे दिलेली नव्हती, असे सर्वोच्च न्यायालयाला आढळले आणि २९ मार्च २०१९ रोजी ती मंजुरी स्थगित झाली. सीमेपलीकडचा सिंधुदुर्ग जिल्हा याच टापूत येतो. राज्याची सरहद्द ओढे आणि जंगले पाळत नाहीत, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागावे हेच नवल. तज्ज्ञ समितीने पुन्हा विचार केला, अधिक अटी घातल्या, आणि १६ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने स्थगिती उठविली. अटींच्या देखरेखीचे काम नागपूरच्या 'नीरी' संस्थेकडे सोपविले. डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. या निकालाने विमानतळाचे समर्थक जिंकले की विरोधक हरले, या वादात आम्हाला रस नाही. अर्जातला एक रकाना नीट भरला गेला नाही, तर त्याची किंमत दहा महिन्यांच्या खोळंब्यात मोजावी लागते, हा त्यातला व्यावहारिक धडा आहे. आधीची तपासणी प्रामाणिक असती तर तो खोळंबाही टळला असता.

भाषेचा प्रश्न याहून साधा आणि म्हणूनच अधिक चीड आणणारा आहे. अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत द्यावा, असा नियम आहे. मूळ अहवाल शेकडो पानांचा, इंग्रजीतला, आलेख-कोष्टकांनी भरलेला. सारांशात काय घ्यायचे आणि काय गाळायचे हे पुन्हा सल्लागारच ठरविणार. २०२० साली केंद्र सरकारने या संपूर्ण अधिसूचनेच्या जागी नवा मसुदा आणला. देशभर टाळेबंदी असताना तो राजपत्रात आला, तो इंग्रजीत आणि हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी तो आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत द्या असे सांगितले, तेव्हा सरकारने भाषांतर करण्याऐवजी त्या आदेशाविरुद्ध दाद मागितली. मराठीत, कोंकणीत, गुजरातीत एक मसुदा छापण्याला असा किती खर्च आला असता? त्या मसुद्यात सुनावणीची सूचना तीस दिवसांवरून वीस दिवसांवर आणण्याचे घाटत होते. मसुदा अंतिम स्वरूपात निघाला नाही. त्यामागची वृत्ती मात्र निरनिराळ्या ज्ञापनांतून डोकावत राहिली. जानेवारी २०२२ मध्ये राज्यांच्या प्राधिकरणांना गुण आणि तारे देण्याची योजना जाहीर झाली, तीत ऐंशी दिवसांच्या आत मंजुरी देणाऱ्याला सर्वाधिक गुण होते आणि प्रत्यक्ष जागेची पाहणी जितकी कमी तितके गुण अधिक. जागा न पाहणाऱ्या पंचाला बक्षीस देण्याची ही कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली असेल ती असो.

सुरतेत 'स्थानिक भाषा' म्हणजे गुजराती, आणि ते योग्यच आहे. पण ज्या शहराच्या कित्येक पेठांत मराठी, ओडिया, हिंदी बोलणारा कामगार राहतो, तेथे एका भाषेतला सारांश किती घरांत पोचणार? नियमात 'स्थानिक भाषा' असे एकवचन आहे. स्थलांतरितांच्या शहरांचे वास्तव अनेकवचनी आहे.

या पार्श्वभूमीवर गेल्या काही वर्षांतील सर्वांत गंभीर घडामोडीकडे पाहिले पाहिजे. कोसाडवरून तीच गाडी पुढे सायण, किम, कोसंबा करीत अंकलेश्वरला पोचते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने डिसेंबर २००९ मध्ये देशातील औद्योगिक पट्ट्यांच्या प्रदूषणाची क्रमवारी लावली, तेव्हा पहिले नाव अंकलेश्वरचे आणि दुसरे वापीचे होते. आपले चंद्रपूर चौथे. अंकलेश्वरच्या काही रासायनिक कारखान्यांनी १९९४ च्या अधिसूचनेप्रमाणे मंजुरी न घेताच उत्पादन चालविले होते. केंद्राने १४ मे २००२ च्या परिपत्रकाने अशांना मागाहून मंजुरी घेण्याची सवलत दिली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १ एप्रिल २०२० रोजी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. अजय रस्तोगी यांनी निकाल दिला, तो अतिशय समतोल होता. मागाहून मंजुरी ही कल्पनाच या कायद्याला परकी आहे, असे त्यांनी ठरविले; परंतु कारखाने बंद करण्याचा आदेश दिला नाही. तीन कारखान्यांना प्रत्येकी दहा कोटी रुपये भरपाई भरण्यास सांगितले. तत्त्व शाबूत राहिले आणि कामगारांची रोजीही.

सरकारने यातून काय घेतले? १४ मार्च २०१७ च्या अधिसूचनेने विनामंजुरी प्रकल्पांना 'एकवेळची' सहा महिन्यांची संधी दिलेली होतीच. ७ जुलै २०२१ च्या ज्ञापनाने ती एकवेळची संधी कायमची पद्धत झाली. त्यात दंडाचा हिशेब ठरवून दिला: काम सुरू झाले पण उत्पादन नाही, तर आजवर झालेल्या खर्चाच्या एक टक्का, उत्पादनही सुरू असेल तर त्यावर उलाढालीचा पाव टक्का अधिक, स्वतः होऊन कबूल केल्यास निम्मे. दंड आणि दर यांत फरक असतो. चुकीचे कृत्य पुन्हा होऊ नये म्हणून जो घेतला जातो तो दंड. किती पैसे मोजल्यावर ते कृत्य पदरात पडेल हे आधी जाहीर केले की तो दर होतो. परवानगीची वाट पाहण्यात कर्जाचे व्याज जितके जाईल त्यापेक्षा हा दर स्वस्त पडत असेल, तर कोणता हिशेबी उद्योगपती रांगेत उभा राहील? जो नियम पाळून थांबला तो मात्र मूर्ख ठरला.

मुंबईच्या 'वनशक्ती' संस्थेच्या याचिकेवर न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयां यांनी १६ मे २०२५ रोजी ही अधिसूचना आणि हे ज्ञापन दोन्ही रद्द केले आणि पुढे असे काही न काढण्याविषयी केंद्राला बजावले. अवघ्या सहा महिन्यांत, १८ नोव्हेंबर २०२५ रोजी, सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. विनोद चंद्रन यांच्या बहुमताने तो निकाल मागे घेण्यात आला आणि प्रकरण पुन्हा सुनावणीस पाठविले गेले. न्या. भुयां यांनी सविस्तर भिन्नमत नोंदविले. ठाण्याचे एक न्यायमूर्ती आणि अमरावतीचे एक सरन्यायाधीश एकाच प्रश्नावर दोन टोकांना उभे राहावेत, हा योगायोग मराठी वाचकाला चटकन जाणवेल. पण व्यक्तींपेक्षा युक्तिवादाकडे पाहू.

बहुमताचे म्हणणे असे की, मूळ निकाल तसाच ठेवल्यास सुमारे वीस हजार कोटी रुपयांचे सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागतील. ओडिशातील ९६२ खाटांचे रुग्णालय, कर्नाटकातील विमानतळ अशी उदाहरणे दिली गेली. उभे रुग्णालय जमीनदोस्त करावे असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. त्यातून होणारी धूळ आणि राडारोडा हेही प्रदूषणच. पण प्रश्न असा आहे की सरकारी पैशाने बांधलेल्या रुग्णालयाला मंजुरी न घेताच काम सुरू करण्याची बुद्धी कोणाला झाली, आणि त्या अधिकाऱ्याचे काय झाले? कायदा केला सरकारने, तो मोडला सरकारी यंत्रणांनी, आणि मोडला म्हणून आता कायदाच वाकवा असा अर्ज घेऊन सरकारच न्यायालयात उभे राहिले. अंकलेश्वरच्या निकालाने वाट दाखवून ठेवलेली होती: एखादे प्रकरण खरोखरच अपवादात्मक असेल तर न्यायालयाने आपल्या विशेष अधिकारात, त्या एका प्रकरणापुरता, भरपाई वसूल करून मार्ग काढावा. अपवाद आणि वहिवाट यांतील ही भिंत पाडण्याची गरज नव्हती.

पुन्हा होणाऱ्या सुनावणीत केंद्र सरकारला काही गोष्टी करून दाखवता येतील. दंडाचा जाहीर दरतक्ता मागे घ्यावा. विनामंजुरी काम सुरू करणाऱ्या सरकारी खात्याच्या बाबतीत जबाबदार अधिकाऱ्याचे नाव नोंदवून त्याच्यावर कारवाई करावी. सल्लागाराची फी प्रकल्पमालकाकडून घ्यावी, पण नेमणूक राज्याच्या प्राधिकरणाने करावी. याला नवा कायदा लागत नाही. किनाऱ्यालगतच्या आणि नद्यांच्या पूररेषेतील प्रकल्पांसाठी पावसाळ्याची माहिती सक्तीची करावी.

आणि पुनर्वसनाच्या वसाहतींना जनसुनावणीतून दिलेली सूट काढून घ्यावी. पुढची वसाहत सुरतेच्या वेशीवर होईल, नव्या मुंबईच्या मागे होईल किंवा वास्कोच्या झोपड्यांसाठी गोव्यात कोठे तरी होईल. ज्यांना तेथे न्यायचे त्यांच्या सध्याच्या वस्तीत, त्यांच्या सुटीच्या दिवशी, ते बोलतात त्या भाषेत एक सभा घ्यावी, आणि त्या सभेला निदान ग्रामसभेइतकी तरी गणसंख्या असावी.